पाडसाचा पहिला पंधरवडा

श्रोतेहो, आज मी आपणांपुढें एका फार लहान जीवाचा इतिहास मांडणार आहें. तो जीव म्हणजे काळविटाचें पाडस. इतिहासाच्या पुस्तकांत राजांना जागा मिळते, हत्तीघोड्यांना मिळते, क्वचित् एखाद्या इमानी कुत्र्यालाही मिळते. परंतु गवतांत अंग चोरून पडलेल्या दोन दिवसांच्या पाडसाला ती कोण देणार? तथापि शोधूं गेल्यास असें दिसून येतें कीं, मृग आणि त्याचें पाडस यांविषयीं आपल्या देशांत दोन हजारांहून अधिक वर्षें कोणी ना कोणी बोलत आलेला आहे. कवि बोलले, पुराणकार बोलले, सम्राटांनीं आज्ञा काढल्या, आणि शेवटीं आपल्या संसदेनें कायदा केला. या सर्व बोलण्याच्या मुळाशीं एक साधा प्रश्न आहे. रानांत एकटें पडलेलें पिलूं दृष्टीस पडलें, तर माणसानें काय करावें? आमच्या बीड जिल्ह्यांत शेतकऱ्यापुढें, मेंढपाळापुढें, रस्त्यानें जाणाऱ्या प्रवाशापुढें हा प्रश्न आजही उभा राहतो. आणि त्याचें उत्तर चुकलें तर एक जीव जातो.

बीड जिल्हा समुद्रापासून दूर, पर्जन्यछायेंत वसलेला आहे. उत्तरेस गोदावरी वाहते. मधून बालाघाटच्या डोंगररांगा गेल्या आहेत. पाटोदा तालुक्याच्या डोंगरांत मांजरा नदीचा उगम आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या बाजूची पुष्कळशी जमीन हलकी व मुरमाड. तेथें दाट अरण्य नाहीं. मारवेल, पवन्या, कुसळी अशीं गवतें, मधून मधून बोर, बाभूळ, हिवर, तरवड यांचीं झाडेंझुडपें, हेंच तेथील रान. याच भागांत, पाटोदा तालुक्यांत नायगांव येथें, १९९४ सालीं मोरांसाठीं अभयारण्य स्थापन झालें. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, ज्यास आज अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यांत, कर्जत तालुक्यांतील रेहेकुरी येथें १९८० सालीं खास काळविटांसाठीं अभयारण्य झालें. परंतु रेहेकुरीचें क्षेत्र दोन चौरस किलोमीटरांहून थोडेंसेंच अधिक आहे. यावरून ध्यानांत येईल कीं, काळविटाचा सारा संसार अभयारण्यांत मावणारा नाहीं. तो आपल्या बांधावर, गायरानांत आणि पडीक माळावर राहतो. म्हणजे तो आपला शेजारी आहे.

या शेजाऱ्याचा थोडा परिचय करून घेऊं. लोक त्यास हरिण म्हणतात. शास्त्रज्ञ मात्र त्याची गणना खऱ्या हरिणांत करीत नाहींत. चितळ, सांबर यांचीं शिंगें भरीव असतात, तीं गळून पडतात आणि पुन्हां फुटतात. काळविटाचीं पिळदार शिंगें आंतून पोकळ असून जन्मभर टिकतात. म्हणजे कुळानें तो गाईशेळीला अधिक जवळचा. नर वयांत आला म्हणजे काळा पडूं लागतो; मादी व पिलें यांचा रंग पिंवळसर तपकिरी असतो. लिनियस या स्वीडिश पंडितानें १७५८ सालीं त्याला शास्त्रीय नांव दिलें. परंतु आपल्या स्मृतिकारांना तो 'कृष्णसार' या नांवानें त्यापूर्वीं कित्येक शतकें ठाऊक होता. जेथें कृष्णसार स्वभावतः हिंडतो तो देश यज्ञकर्मास योग्य, अशी देशाची खूणच मनुस्मृतींत सांगितलेली आहे.

आतां त्याचें बालपण पाहूं. मादी पांच-सहा महिने गर्भ धारण करते आणि बहुधा एकाच पाडसाला जन्म देते. प्रसूतीच्या वेळीं ती कळप सोडून बाजूला जाते. पाडस जन्मल्यावर थोड्याच वेळांत उभें राहतें. परंतु उभें राहतां येणें निराळें आणि लांडग्यापुढें धांवतां येणें निराळें. पूर्ण वाढलेला काळवीट ताशीं सुमारें ऐंशीं किलोमीटरांच्या वेगानें पळूं शकतो. चार दिवसांच्या पाडसाला त्याच्या मागें कसें जातां येणार? म्हणून निसर्गानें त्याला पळण्याच्या आधीं लपण्याची विद्या दिली आहे. आई त्याला चाटून स्वच्छ करते, त्याची घाणही चाटून टाकते; कारण वासाच्या मागावर कोल्हा येतो. पाजून झालें कीं ती दूर निघून जाते. पाडस गवतांत मान जमिनीला टेकवून निश्चल पडून राहतें. माणूस दोन हातांवर आला तरी तें हलत नाहीं. दिवसांतून कांहीं वेळां आई येते, पाजते आणि पुन्हां निघून जाते.

वरवर पाहणारास ही माता निष्ठुर वाटेल. पण विचार केला असतां तिचें दूर राहणें हीच तिची राखण आहे असें दिसून येतें. मोकळ्या माळावर उभी असलेली मादी फार लांबून दिसते. ती पिलापाशीं उभी राहिली, तर लांडग्याला, कोल्ह्याला आणि आजकाल गांवच्या मोकाट कुत्र्यांना तिनें आपण होऊन पत्ता सांगितल्यासारखें होईल. ती दूर चरत राहते, पण तिचें लक्ष त्या झुडपाकडे असतें. पहिला आठवडा-पंधरवडा असा जातो. पुढें पाय बळकट झाले कीं पाडस आईबरोबर कळपांत मिसळतें, आणि मग लपण्याची जागा धांवणें घेतें. सारांश, त्याच्या आयुष्यांतील हा पहिला पंधरवडा सर्वांत धोक्याचा, आणि त्या पंधरवड्यांत त्याला दोनच आधार असतात : एक गवत, आणि दुसरा आईचा परत येण्याचा नेम.

ही रीत केवळ आपल्याच माळावर आहे असें समजूं नये. थंड समुद्रांच्या किनाऱ्यावर सील नांवाचा प्राणी राहतो. तो पोटापुरता समुद्राचा, पण जन्मापुरता जमिनीचा किंवा बर्फाचा. युरोप-अमेरिकेच्या किनाऱ्यांवर सीलाची मादी पिलाला वाळूवर ठेवून मासे धरावयास जाते. फिरावयास आलेल्या मनुष्यास तें पिलूं एकटें दिसतें. त्याचा आवाज लहान मुलाच्या रडण्यासारखा. दयाळू मनुष्य तें उचलून नेतो. आई परत येते तों जागा रिकामी! म्हणून तिकडील प्राणिरक्षक संस्था लोकांना पुनःपुन्हां बजावतात कीं, पिलापासून दूर राहा, हात लावूं नका. उत्तर अटलांटिकच्या बर्फावर जन्मणाऱ्या सीलाच्या आणखी एका जातीचें बालपण तर याहूनही थोडें. शुभ्र लोकरीचें तें पिलूं अवघे बारा दिवस आईचें दूध पितें. त्या दुधांत जवळजवळ निम्मी चरबी असते, म्हणून तेवढ्या दिवसांत तें गोळ्यासारखें लठ्ठ होतें. मग आई निघून जाते, आणि तें पिलूं कित्येक आठवडे अंगच्या चरबीवर राहून स्वतःच पोहावयास व भक्ष्य धरावयास शिकतें. त्या आईनें पिलाला टाकलें असें म्हणणें हें आपल्या घरचें माप दुसऱ्याच्या घरास लावण्यासारखें आहे.

आतां आपल्या वाङ्मयाकडे वळूं. एकट्या पाडसाच्या दोन कथा आपणां सर्वांस ठाऊक आहेत. पहिली शाकुंतलांतली. नाटकाच्या आरंभींच दुष्यंत मृगाचा पाठलाग करीत येतो आणि हा आश्रमाचा मृग आहे, याला मारूं नये, म्हणून तपस्वी त्यास अडवितात. पुढें चौथ्या अंकांत शकुंतला सासरीं निघते, तेव्हां तिनें श्यामाकाचे दाणे भरवून वाढविलेलें, दर्भानें तोंड चिरलें असतां जखमेस इंगुदीचें तेल लावून बरें केलेलें पाडस तिचा पदर धरतें. दुसरी कथा भागवताच्या पांचव्या स्कंधांतील भरत राजाची. राज्य सोडून तपास बसलेला भरत नदीवर असतां गाभण हरिणी पाणी पिण्यास येते; सिंहाची गर्जना होते; ती भयानें उडी घेते; पाडस प्रवाहांत पडतें आणि हरिणी प्राण सोडते. भरत तें पाडस उचलतो, वाढवितो, आणि त्याच्या मायेंत इतका गुंततो कीं, पुढचा जन्म त्याला हरिणाचा येतो.

या दोन्हीं कथांचें तात्पर्य वैराग्यपर किंवा करुणापर सांगण्याचा प्रघात आहे. परंतु त्यांतली एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. शकुंतलेच्या पाडसाची आई प्रसूतीनंतर लवकरच मेलेली होती. भरतानें तर हरिणी मेलेली आपल्या डोळ्यांनीं पाहिली होती. दोघांनींही जें उचललें तें खरोखर पोरकें झालेलें पाडस होतें. आई जिवंत असतां तिच्या गैरहजेरींत कोणीं पाडस उचलून नेलें, असें या कथांत कोठेंही नाहीं. प्राचीनांनीं दया वर्णिली, पण तिच्या पोटीं आधीं खात्री ठेवली, हें विसरतां कामा नये.

दयेचा कायदा करणारा पहिला मोठा राजा म्हणजे अशोक. आपल्या पहिल्या शिलालेखांत तो सांगतो कीं, पूर्वीं राजाच्या पाकशाळेसाठीं प्रत्यहीं सहस्रावधि प्राणी मारले जात. आतां दोन मोर आणि एक हरिण एवढेच मारले जातात, व तें हरिणही नेहमीं नाहीं. पुढें हेंही बंद होईल. राज्याभिषेकास सव्वीस वर्षें झाल्यावर कोरविलेल्या पांचव्या स्तंभलेखांत त्यानें अवध्य प्राण्यांची यादी दिली आहे. त्याच लेखांत गाभण किंवा दुभती शेळी, मेंढी व डुकरीण मारूं नये आणि सहा महिन्यांच्या आंतील त्यांचीं पिलें मारूं नयेत, असा स्पष्ट नियम आहे. हा नियम पाळीव जनावरांपुरता आहे हें खरें. तथापि पिलाचें वय मोजून त्यास राजाज्ञेचें संरक्षण देण्याची ही कल्पना सवादोन हजार वर्षांपूर्वींची आहे, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. वृथा वनें जाळूं नयेत, असेंही तो तेथेंच सांगतो. पिलाचें रक्षण आणि त्याच्या लपण्याच्या जागेचें रक्षण हीं दोन्हीं एकाच लेखांत यावींत, यांत मला त्या राजाची व्यवहारदृष्टि दिसते.

मोगल बादशहांच्या काळीं काळवीट हा राजविलासाचा विषय झाला. चित्ता सोडून काळवीट धरावयाचा हा मोठा शौक होता. आपल्या पित्यानें, म्हणजे अकबरानें, हयातींत नऊ हजार चित्ते जमविले, असें जहांगीर लिहितो. हे चित्ते रानांतून प्रौढ असतांनाच पकडून आणीत. कारण पिंजऱ्यांत वाढलेल्या बछड्याला शिकार शिकविणारी माता नसते. जें शिक्षण आईनें रानांत दिलें असेल, त्याच्याच जोरावर माणूस आपला शौक भागवी. वन्य पिलाचें घर कोठें असतें आणि त्याची शाळा कोणती, हें त्या चित्तेवानांस पक्कें माहीत होतें. अबुल फजलाच्या वर्णनांत पाळीव काळविटाच्या शिंगांना जाळें बांधून त्याच्याकडून रानटी काळवीट पकडविण्याची युक्ति आढळते. जहांगिराचें मन मात्र विचित्र होतें. तो मोठा शिकारी खरा. परंतु एक आवडता काळवीट मेला, तेव्हां त्यानें लाहोरजवळ शेखुपुरा येथें त्याचें स्मारक करविलें, आणि त्या रानांत कोणीं हरिणाची शिकार करूं नये अशी आज्ञा दिली. तेथील हिरण मिनार आज पाकिस्तानांत उभा आहे.

ज्यांच्यापाशीं ना सैन्य ना राजाज्ञा, अशा एका पंथानें मात्र हें काम श्रद्धेनें केलें. राजस्थानांत जांभोजींनीं १४८५ सालीं बिश्नोई पंथ स्थापिला. त्यांच्या एकोणतीस नियमांत प्राण्यांवर दया आणि हिरवें झाड न तोडणें हे नियम आहेत. पोरक्या पाडसाला आपल्या अंगावर पाजणाऱ्या बिश्नोई स्त्रिया आजही आहेत. तेथेंही पुन्हां तीच अट : पाडस पोरकें असलें पाहिजे.

विसाव्या शतकांत परिस्थिति पालटली. चित्त्यांची शिकार संस्थानांत चालूच होती. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हां कोल्हापूरसारख्या दरबारांनीं आफ्रिकेंतून चित्ते आणविले. आज छत्तीसगडांत असलेल्या कोरिया संस्थानांत १९४७ सालीं तीन चित्ते मारले गेले, आणि १९५२ सालीं हा प्राणी देशांतून नष्ट झाल्याचें जाहीर झालें. काळवीट उरला, पण बंदूक आणि मोटार एकत्र आल्यावर त्याचे पाय त्याला वांचवूं शकेनात. चित्त्याच्या धांवेस अंत असतो. जीपगाडीला तो नसतो. बीड तेव्हां हैदराबाद संस्थानांतून नुकतेंच मोकळें झालें होतें. १७ सप्टेंबर १९४८ नंतर राज्यें बदललीं, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला. मात्र माळावरची बंदूक तीच राहिली.

मग १९७२ साल उजाडलें. आमच्या मराठवाड्यास तें साल दुष्काळाचें म्हणून आठवतें. खडी फोडण्याच्या कामावर गांवेंच्या गांवें उभीं होतीं. त्याच वर्षीं दिल्लीस वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. काळविटाला पहिल्या अनुसूचींत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणांत जागा मिळाली. योगायोग असा कीं, त्याच १९७२ सालीं अमेरिकेनें सील, देवमासे इत्यादि सागरी सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा केला. आणि पुढें १९८३ सालीं युरोपीय राष्ट्रसंघानें शुभ्र लोकरीच्या सील-पिलांचीं कातडीं आयात करण्यास बंदी घातली. पृथ्वीच्या दोन टोकांस लोकमत एकाच दिशेनें वळत होतें. आपल्या कायद्यांत एक बारकावा आहे, तो सर्वांनीं ध्यानांत ठेवावा. 'शिकार' या शब्दांत नुसतें मारणें येत नाहीं. पकडणें हेंही येतें. म्हणून हौसेनें पाडस घरीं आणून बांधणें हा गुन्हा आहे, आणि पहिल्या अनुसूचींतील प्राण्यासाठीं त्यास तीन ते सात वर्षांची कैद सांगितली आहे.

कायद्यानें बंदुकीस आवर घातला; परंतु गवतास कोण आवरणार? येथें इतिहासाच्या जमाखर्चांतील एक मोठी बाजू पुढें येते. ज्या जमिनीपासून सारा येत नाहीं ती 'पड', अशी महसुली कागदांची भाषा पिढ्यान् पिढ्या चालत आली. माळ हा शब्द नकाशांतून गेला आणि 'पडीक' हा शब्द आला. पडीक म्हटलें कीं ती कामास लावावी असें कोणाच्याही मनांत येणारच. कोठें विहीर झाली व नांगर फिरला, कोठें पवनचक्क्या आल्या, कोठें सद्धेतूनेंच पण चुकीच्या जागीं झाडें लावलीं. यांतलें प्रत्येक काम एकेकटें पाहिलें तर गरजेचें वाटतें. पण पाडसाच्या दृष्टीनें पाहिलें तर त्याचा पाळणाच उचलला गेला. गुडघाभर गवत नसेल तर लपण्याची विद्या काय कामाची? मग आई पिलाला उभ्या ज्वारींत किंवा हरभऱ्यांत ठेवते, आणि कापणीस आलेल्या माणसाला तें सांपडतें.

शेतकऱ्याची बाजूही सांगितलीच पाहिजे. कळपानें कोंवळें पीक खाल्लें म्हणजे ज्याचा हंगाम बुडतो, त्यास शाकुंतलाची गोष्ट सांगून समाधान होत नाहीं. राम पटवर्धनांनीं मराठींत आणलेली 'पाडस' ही अमेरिकन कादंबरी आपणांपैकीं अनेकांनीं वाचली असेल. मूळ कादंबरी मार्जरी रॉलिंग्ज या लेखिकेनें १९३८ सालीं लिहिली. त्यांतही पाडसाची आई मेलेली आहे; मुलगा तें प्रेमानें वाढवितो; पण मोठें होऊन तें घरचें पीक खाऊं लागतें, आणि शेवटीं त्या मुलालाच त्याच्यावर गोळी झाडावी लागते. माणसाळलेलें वन्य जनावर ना घरचें राहतें ना रानाचें, हें त्या कथेंतील दुःख आपल्याकडेही खरें आहे. माणसाच्या हातावर वाढलेल्या काळविटाला कुत्र्याचें भय राहत नाहीं, आणि वयांत आलेला नर शिंगें रोखून अंगावर येतो. पिकाच्या नुकसानीबद्दल शासनाकडून भरपाईची तजवीज आहे; ती वेळेवर मिळणें हें हरिणाच्या रक्षणाचेंच एक अंग समजलें पाहिजे.

तर मग एकटें पाडस दिसल्यास काय करावें? त्यास हात लावूं नये. त्याच्याभोंवतीं गर्दी करूं नये, छायाचित्रें काढण्यासाठीं थांबूं नये. बरोबर कुत्रा असेल तर तो आवरावा. दूर जावें, आणि आईला येण्यास वाट मोकळी ठेवावी. माणसें उभीं आहेत तोंवर ती येणार नाहीं. शेतांत कापणी चालू असेल तर तेवढा तुकडा त्या दिवसापुरता उभा ठेवावा. आई मेलेली दिसली, पाडस जखमी असलें, विहिरींत पडलें किंवा कुत्र्यांच्या तावडींत सांपडलें, तर मात्र विलंब न लावतां वनखात्यास कळवावें. त्यासाठीं महाराष्ट्रांत १९२६ हा दूरध्वनि-क्रमांक ठेवलेला आहे. आमच्याच जिल्ह्यांत, शिरूर कासार तालुक्यांतील तागडगांव येथें, 'सर्पराज्ञी' हें वन्य जीवांच्या शुश्रूषेचें केंद्र चालतें. जाणत्या हातांचें काम जाणत्या हातींच जावें.

ही शिकवण पुस्तकीच आहे असें कोणीं म्हणूं नये. दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यांतील सहस्रावधि कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिमेकडे जातात. जुन्नरच्या बाजूस उसाच्या फडांत त्यांना कधीं कधीं बिबट्याचे बछडे सांपडतात. तेथें वनखात्यानें व प्राणिवैद्यांनीं असा परिपाठ घातला आहे कीं, बछडे तपासून संध्याकाळीं सांपडल्या जागींच परत ठेवावयाचे. आणि अनेक वेळां रात्रीं मादी येऊन त्यांना उचलून घेऊन गेली आहे. स्वतःचें तान्हें मूल फडाच्या कडेला झोळींत ठेवून कोयता चालविणाऱ्या माउलीला यांतलें मर्म सांगावें लागत नाहीं. ती मुलापासून चार वावरें दूर असते, म्हणून तिनें मूल टाकलें असें कोणी म्हणत नाहीं.

श्रोतेहो, दयेचा इतिहास आपल्या देशांत जुना व अभिमानास्पद आहे. त्याला आतां ज्ञानाची जोड हवी. आई नसेल तेथें माणसानें आई व्हावें. परंतु आई असेल तेथें माणसानें बाजूला व्हावें, आणि तिच्या पाडसासाठीं माळावर थोडें गवत राहूं द्यावें. एवढें केलें तरी पुढच्या पावसाळ्यांत त्या गवतांतून उड्या मारीत जाणारा कळप आपल्या मुलांना पाहावयास मिळेल.